उसाला कायदा, कोयत्याला उचल

दिवाळी सरली की महाराष्ट्रातल्या सुमारे दोनशे साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागतात. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालेलं असतं, गव्हाणीत मोळी टाकायची तयारी असते, पण कारखाना आपल्या मर्जीने गाळप सुरू करू शकत नाही. मुंबईत मंत्र्यांची समिती बसते आणि हंगामाची तारीख ठरवते. 2024 साली ती 15 नोव्हेंबर होती, 2025 साली 1 नोव्हेंबर. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो आणि मागच्या हंगामातली देणी थकली असतील तर तो अडतो. परवान्याआधी गाळप सुरू केलं तर दंड बसतो.

हंगामाची ही तारीख म्हणजे फक्त सुरुवात. उसाचा दर केंद्र सरकार ठरवतं. तो किती दिवसांत द्यायचा तेही ठरलेलं. दोन कारखान्यांत किती अंतर हवं, साखर किमान किती रुपयांनी विकायची, महिन्याला किती विकायची, किती निर्यात करायची, रसातून किती इथेनॉल काढायचं, त्याला काय भाव मिळणार, हे सगळं सरकारी आदेशांनी बांधलेलं आहे. 20 टक्के साखर तागाच्या पोत्यातच भरायची, असाही नियम आहे, 1987च्या कायद्याखालचा. आपल्या ताटातल्या दुसऱ्या कुठल्याही पदार्थाभोवती कायद्याचं इतकं दाट कुंपण नाही.

म्हणून अन्नाची व्यवस्था कायदा कशी घडवतो हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने उसाच्या फडात जावं. कायद्याने कुणाला हात दिला, कुणाला वगळलं आणि त्यातून शिवारं, धरणं आणि माणसांची आयुष्यं कशी बदलली, ते तिथे स्पष्ट दिसतं.

दुष्काळाचे कालवे आणि जकातीची भिंत

ब्रिटिश सरकारने नीरा, प्रवरा, गोदावरीचे कालवे काढले ते मुख्यतः दुष्काळापासून संरक्षण म्हणून. पाऊस दगा देईल तेव्हा ज्वारी-बाजरी तरी वाचावी, हा हेतू. पण ज्वारीवाला शेतकरी चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी मागेना आणि पाटबंधारे खात्याला तर दरवर्षी पाणीपट्टी हवी होती. बारमाही पाणी पिणारं आणि रोख पैसा देणारं पीक म्हणजे ऊस. कालव्यांचं पाणी तिकडे वळलं.

त्याला खरी गती मिळाली ती 1932 साली. त्याआधी हिंदुस्थानात जावाची साखर धो धो येत असे. त्या वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि परदेशी साखरेवर जबर जकात बसली. देशात तीसेक कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. आपल्याकडेही कालव्यांच्या काठी खासगी कारखाने आणि त्यांचे हजारो एकरांचे मळे उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1950 साली प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. सामान्य शेतकऱ्याचं भागभांडवल, त्याचाच ऊस, त्याचाच कारखाना. या कारखान्याचं श्रेय त्या माणसांच्या जिद्दीला आहेच. पण पुढे राज्यभर जे सहकारी कारखाने झाले, त्यामागे कायद्यांची रांग होती. 1951च्या उद्योग कायद्याखालचे परवाने देताना सहकाराला झुकतं माप मिळालं. 1960 साली महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला. 1961च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे काढून घेतले आणि त्यातून शेती महामंडळ जन्माला आलं. स्वतःचा ऊस उरला नाही तसा खासगी कारखानदार मागे पडला. राज्य सरकारने सहकारी कारखान्यांत भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली. कारखान्याबरोबर शाळा आल्या, दवाखाने आले, कॉलेजं आली, आणि आमदारही आले.

1998 साली साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि खासगी कारखाना पुन्हा दारात उभा राहिला. तरी कुंपण उरलंच. 2006च्या दुरुस्तीने दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतराची अट घातली आणि महाराष्ट्राने ती 25 किलोमीटरवर नेली. आपला ऊस अमुकच कारखान्याला घालायचा, ही झोनबंदी राज्याने 1997 साली उठवली खरी, पण शेजारी दुसरा कारखाना उभा राहू शकत नसेल तर शेतकऱ्यापुढे निवड तरी किती उरते? अंतराची अट कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा म्हणून आहे. तिची किंमत ऊस उत्पादक मोजतो.

एका टनाचा हिशेब

या सगळ्या कुंपणाचा गाभा आहे 1966चा ऊस नियंत्रण आदेश. जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 या मूळ कायद्याच्या पोटातला हा आदेश. शेतकऱ्याच्या तोंडी असलेली 'एफआरपी' म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ती याच आदेशातून येते. 2009-10च्या हंगामापासून तिने जुन्या वैधानिक किमान दराची जागा घेतली.

ती कशी चालते ते आकड्यांनीच पाहू. 2025-26च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे 355 रुपये दर ठरवला. त्यावरच्या उताऱ्याच्या दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या कारखान्याचा उतारा 11.25 टक्के असेल, तर दर होतो 389.60 रुपये, टनाला 3,896. हा दर कारखान्याच्या दारातला. फडातून ऊस तोडून आणण्याचा खर्च त्यातून वजा होतो. तोडणी-वाहतूक टनाला 900 रुपये धरली, तर शेतकऱ्याच्या खात्यात साधारण तीन हजार रुपये येतात. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत हे पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. तरीही थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी कारखान्याची साखर जप्त करून ती विकून शेतकऱ्याचे पैसे भागवू शकतात.

आता कारखान्याच्या बाजूने बघा. त्याच एका टनातून 112.5 किलो साखर निघते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला आणि पुढची सहा वर्षं तो तिथेच राहिला. या दराने टनभर उसाच्या साखरेचे होतात 3,487 रुपये. उसाची किंमतच 3,896! बाजारात साखर 31च्या वर विकली जाते, मळी, बगॅस (चिपाड), वीज, इथेनॉल यांचीही मिळकत असते, म्हणून गाडा चालतो. पण एकाच सरकारचे हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे कुणीही पाटीवर मांडून बघावं. 2018-19 साली एफआरपी 275 रुपये होती, ती 355 वर गेली. साखरेचा किमान दर मात्र शहरी ग्राहकाच्या धास्तीने जागचा हलला नाही. आणि देशातली निम्म्याहून जास्त साखर घरच्या डब्यात जात नाही. ती शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणाऱ्यांकडे जाते. स्वस्ताईचा मोठा लाभ त्यांचा.

साखरेवरचं नियंत्रण कमी करावं, असं अर्थतज्ज्ञ सी. रंगराजन यांच्या समितीने 2012 साली सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी लेव्ही साखर, म्हणजे सरकारला स्वस्तात द्यायची सक्तीची साखर, बंद झाली, महिन्याचा विक्री कोटा उठला. उसाला साखरेच्या आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा मिळावा, या सूत्रावर महाराष्ट्राने 2013 साली ऊस दराचा स्वतंत्र कायदाही केला. पण 2018 साली साखर पडेल भावाने जाऊ लागली तसा विक्री कोटा परत आला, सोबत किमान विक्री दर आला. सरकारने एक कुलूप काढलं की वर्षा-दोन वर्षांत दुसरं लागतं, असा या धंद्याचा अनुभव आहे.

निर्यात आणि इथेनॉल यांची कथा तीच. 2021-22 च्या हंगामात भारताने 110 लाख टन साखर बाहेर पाठवली. 2022च्या जूनपासून निर्यातीवर निर्बंध आले आणि 2023-24 मध्ये निर्यात जवळपास थांबली. इथेनॉलसाठी 2018च्या जैवइंधन धोरणाने दार उघडलं. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 65.61 रुपये भाव ठरला. कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभारल्या. 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली. आठवडाभरात ती सैल करून 17 लाख टन साखरेपुरती मुभा दिली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये बंदी पूर्ण उठली. लागवडीचा निर्णय शेतकरी दीड वर्ष आधी घेतो. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने शेतात असतो. त्याच्या पिकाचं भवितव्य ठरवणारा कागद रात्रीत निघतो.

इतकं असूनही शेतकरी ऊस सोडत नाही, आणि त्याचं कारण त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. हुकमी गिऱ्हाईक, कायद्याने बांधलेला दर आणि तो थकला तर जप्तीचा अधिकार, हे तिन्ही मिळणारं दुसरं पीक त्याच्यासमोर नाही. तूर, सोयाबीन, ज्वारी यांचा हमीभाव सरकार जाहीर करतं, पण त्याच दराने खरेदी करायचं बंधन कुठल्या व्यापाऱ्यावर घालत नाही. सरकारी केंद्र उघडलं, बारदान आलं, ओलावा मापात बसला, तर विकायचं. नाहीतर बाजार समितीत मिळेल तो भाव. ऊस मात्र कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीपुरता उरत नाही. त्याच्या दरामागे कायदा उभा आहे. त्या दरासाठी आणि तो एकरकमी मिळावा यासाठी शेतकरी संघटनांनी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या आहेत. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्याचा 2022चा निर्णय मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, तो शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर. ही कमाई आहे आणि ती टिकली पाहिजे. प्रश्न एवढाच, की हे संरक्षण एकाच पिकाला का?

मंगळवेढ्याची ज्वारी

सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा. दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव. इथल्या काळ्या, खोल, भेगाळणाऱ्या जमिनीत थंडीच्या दहिवरावर ज्वारी येते. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मालदांडीची एम 35-1 ही निवड याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावरची, स्वातंत्र्याच्या आधीची. एकाही पाण्याशिवाय येणारं, माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा देणारं पीक.

आज याच सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. मंगळवेढ्याच्या कारखान्यालाही संत दामाजींचंच नाव आहे. पाऊस बेताचा, पण उजनीचं धरण भरलं की उसाच्या सऱ्या पडतात. त्याच कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबाने एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. मराठवाड्यातही तेच झालं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरकरांना प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं. त्याच लातूरच्या परिसरात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते.

याला आळा घालणारा कायदा नाही असं नाही. 2005च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकाला कालव्याचं पाणी ठिबक किंवा तुषार सिंचन असेल तरच द्यावं, अशी तरतूद आहे. 2017 साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचा निर्णयही घेतला. तरी अनेक ठिकाणी उसाला आजही पाटाने मोकळं पाणी सोडलं जातं. दराचा कायदा चौदा दिवसांत जागा होतो, कारण त्याच्या मागे शेतकऱ्याचं मत आहे, आंदोलन आहे. पाण्याच्या कायद्यामागे उभं राहणारं कुणी नाही.

आणि ज्वारी? 1980च्या आसपास महाराष्ट्रात ज्वारीखाली 60 लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होतं. आज ते 20 लाखांच्या आत आहे. ही घसरण केवळ उसाने झाली नाही. सोयाबीन आलं, कापूस आला, बैल गेले तसा कडबा नकोसा झाला. पण रेशनचाही वाटा मोठा. सरकारी खरेदीची सगळी ताकद गहू-तांदळामागे लागली आणि दुष्काळी तालुक्यातल्या घरीही स्वस्त धान्य म्हणून पंजाबचा गहू आला. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला एक रुपयाने देण्याची तरतूद झाली. गोरगरिबांना ज्वारी खाता यावी अशी सोय कायद्यातच आहे. पण जी ज्वारी सरकार फारशी विकत घेत नाही, ती रेशनच्या दुकानात येणार कुठून? मंगळवेढ्याच्या रानात पिकणारी भाकरी पुण्याच्या हॉटेलात महागड्या थाळीत मिळते, आणि ती पिकवणाऱ्याच्या शेजारी रेशनच्या गव्हाची चपाती.

कोयता कुणाचा?

आता फडात जाऊ. थंडीत पहाटे चार-पाचला तोड सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाची गणना अर्धा कोयता. तो बुडख्यातून ऊस तोडतो, शेंडा छाटतो, पाचट सोलतो. ती कांड्या गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. वाढे, म्हणजे छाटलेले शेंडे, विकून चार पैसे सुटतात. दुपारी-संध्याकाळी गाडी भरली की कारखान्याच्या काट्यावर रात्रभर नंबर लावायचा. राहायला पालाची किंवा पाचटाची कोपी. सोबत पोरं. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून आठ-दहा लाख माणसं दर हिवाळ्यात अशी निघतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

या माणसांचं नाव 1966च्या आदेशात नाही. उसाचा दर तिथे आहे, व्याज आहे, वसुली आहे, उतारा आहे. तोडणारा हात नाही. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम टोळीला हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. पोळ्या-दसऱ्याच्या सुमाराला मिळालेले लाख-दीड लाख रुपये कर्ज, लग्न, दवाखाना यांत संपलेले असतात. मग पाच-सहा महिने ती उचल फेडायची. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. हंगाम लवकर संपला, पाऊस झाला, ऊस कमी निघाला, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. मालक कोण, असं विचारलं तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979चा कायदा होता, पण बीडचा माणूस सांगलीत गेला तर तो राज्य ओलांडत नाही. मजुरीचे दर कायद्याने ठरत नाहीत. साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली ती कोयता बंद ठेवण्याच्या इशाऱ्यांनंतर.

इथे या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गाठ आहे. तोडणीचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा होतो. मजुराला चार रुपये वाढवून द्यायचे तर ते शेतकऱ्याच्या बिलातून जाणार. दोन एकरवाला शेतकरी आणि त्याच्या फडातला मजूर यांना व्यवस्थेने एकमेकांसमोर उभं केलं आहे. तोड लवकर यावी म्हणून शेतकऱ्याला वर 'खुशाली' मोजावी लागते. उचल घेऊन टोळी आली नाही तर वाहतूकदार बुडतो. प्रत्येकाला दुसरा चोर वाटतो.

बायकांनी याची किंमत शरीराने दिली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया उघडकीला आल्यावर 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत सुट्टी नाही, आडोसा नाही, पाणी नाही, आणि खाड्याची भीती. पुढे दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ मार्गी लागलं, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचं ठरलं. मदत म्हणून ते हवंच. पण महामंडळ म्हणजे हक्क नव्हे. दरम्यान ऊसतोडणी यंत्रासाठी सरकार 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान देऊ लागलं आहे. यंत्र येईल, यावंही. मग हा कोयता कुठे जाईल, याचं उत्तर त्या अनुदानाच्या निर्णयात नाही.

जे कायद्याने झालं, ते कायद्यानेच बदलेल

उसाचं हे राज्य निसर्गाने दिलेलं नाही. 1932च्या जकातीपासून 2025च्या एफआरपीपर्यंत, प्रत्येक पायरी कुणीतरी लिहिली, सही केली आणि राजपत्रात छापली. म्हणून 'शेतकऱ्याला ऊसच लागतो' किंवा 'मजुरांचं हे असंच चालायचं' ही वाक्यं मला मान्य नाहीत. कायद्याने एका पिकाला हमी दिली, ते पीक उभं राहिलं. कायद्याने कोयत्याला वगळलं, तो उघड्यावर राहिला. इतकं हे सरळ आहे.

मग करायचं काय? ऊस नियंत्रण आदेशात तोडणी मजुराची मजुरी वेगळी लिहा. ती शेतकऱ्याच्या दरातून कापू नका. साखर, इथेनॉल, वीज यांच्या मिळकतीतून ती कारखान्याच्या जबाबदारीवर द्या, तीही 14 दिवसांत, थेट पती आणि पत्नी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. कारखान्याला मूळ मालक ठरवा, म्हणजे अपघात, दवाखाना, बाळंतपण आणि पोरांची शाळा यांची जबाबदारी टाळता येणार नाही. ज्वारी, बाजरी, तूर यांची हमीभावाने खरेदी करा आणि अन्नसुरक्षा कायद्यातली भरडधान्याची तरतूद रेशन दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात खरी करा. कोरडवाहू शेतकऱ्याला हुकमी गिऱ्हाईक मिळालं तर तो पाण्यामागे धावणार नाही. उसाला पाणी द्या, पण 2005च्या कायद्याप्रमाणे, ठिबकनेच. आणि निर्यात, इथेनॉल, साखरेचा दर यांचे निर्णय लागवडीच्या आधी जाहीर करा, हंगाम निम्म्यावर आल्यावर नको.

वाचकांना एक विनंती. तुमच्या आमदार-खासदाराला उसाच्या दराबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. या हंगामात त्यांना तोडणी मजुराच्या मजुरीबद्दल आणि रेशनच्या ज्वारीबद्दल विचारा. आजवर या व्यवस्थेत जे जे बदललं ते कुणीतरी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यामुळे बदललं. कोयत्याची मागणी लावून धरणारे अजून फार थोडे आहेत.